पावसाळ्यात भेगा दिसत नाहीत

अमरावती,
७ सप्टेंबर २०२५

ताई,

पाकिटाच्या मागे बाबांचं नाव घातलं आहे. माझं नाव पाहून तू ते फोडणार नाहीस, असं वाटलं. फसवून पत्र उघडायला लावलं, हे आधीच कबूल करते, म्हणजे पुढचं नीट लिहिता येईल. फोन तू घेत नाहीस. भगवंत भाऊजींना केला तर ते बिचारे "देतो हो तिले" म्हणतात, आणि मग नुसता भांड्यांचा आवाज ऐकू येत राहतो.

काम असं आहे. अमरावतीचं घर विकायचं बाबांनी ठरवलं. "माह्या डोयादेखत दोघींचं दोघींले देऊन टाकतो, मंग मी मोकळा," म्हणतात. घर तुझ्या-माझ्या नावावर आहे, त्यामुळे खरेदीखताला दोघींच्या सह्या लागतील. म्हणजे तुला एक दिवस अमरावतीला यावं लागेल. सकाळच्या बसनं निघालीस तर संध्याकाळी अकोल्यात परत. त्या दिवशी खानावळीतल्या पोरांच्या जेवणाचं काय करायचं, ते तू ठरव.

माय-बाबा गावीच असतात, त्यामुळे घरात आता कोणी राहत नाही. मला परतवाड्याच्या शाळेत लागून दोन वर्षं झाली, तिथेच खोली घेतली आहे. रविवारी एसटीनं इथे येते, घर झाडते आणि पाहायला येणाऱ्यांना दाखवते. जूनपासून धम्मदीप मिस्त्रींनी काम केलं. जुनी फरशी काढून टाइल्स बसवल्या, भिंतींना पुट्टी आणि रंग, ओट्याला काळा ग्रॅनाईट. ओट्यासमोरची खिडकी मोठी केली. तिथे उभं राहिलं की आता उजेड तोंडावर येतो. तू उभी राहायचीस तेव्हा दुपारीसुद्धा दिवा लावावा लागायचा.

तरी घर जात नाही. कारणं तुला माहीत आहेत. दार दक्षिणेला. रस्ता दोनदा सिमेंटचा झाला आणि आपला उंबरा रस्त्यापेक्षा वीतभर खाली गेला, त्यामुळे जोराचा पाऊस आला की पाणी दाराशी येऊन उभं राहतं. आणि भेगा. दार आणि रस्ता लोकांना दिसतो. भेगा आता दिसत नाहीत. पावसाळ्यात काळी माती फुगते, भिंती जवळ येतात, आणि वर पुट्टीचा हात फिरलेला आहे. मार्चनंतर माती सुकली की त्या पुन्हा उलतील, बोट जाईल एवढ्या. हे मी प्रत्येकाला सांगते.

गिऱ्हाइकं आणतात ते पिंटूभाऊ. आज त्यांनी मला कोपरापासून हात जोडले. "ताई, तुमी घर विकून राहिले का घराची तक्रार करून राहिले? कोनी इचारलं तं सांगा. न इचारता काहून सांगता?"

मी म्हटलं, "आणि उन्हाळ्यात त्यांनी शिव्या दिल्या म्हणजे?"

"तवा तुमी परतवाड्यात. मी हाय ना इथं शिव्या खायले!"

मला नाही जमत. मला खोटं बोलता येत नाही, हे आपल्या घरात सगळ्यांना माहीत आहे. तुला तर ते भोगावं लागलं. त्याबद्दल लिहायला हे पत्र नाही. सहीसाठी येशील का, एवढंच कळव.

दामिनी

माय म्हणाली, तू वाळलीस. खरं आहे का?


अमरावती,
२१ सप्टेंबर २०२५

ताई,

उत्तर आलं नाही. पत्र पोचल्याचं मात्र पोस्टाच्या नंबरावरून मोबाइलवर दिसलं. ते भाऊजींनी घेतलं की तू, हे तिथे दिसत नाही.

आज शुभंकर आणि श्रावणी नावाचं जोडपं आलं होतं. दोघंही बँकेत आहेत. श्रावणीनं आल्या आल्या चप्पलसुद्धा न काढता उंबऱ्यात उभं राहून मोबाइलमधल्या होकायंत्रावर दाराची दिशा पाहिली. "दक्षिण. पक्की दक्षिण," ती नवऱ्याला म्हणाली, जणू मी ती लपवून ठेवली होती. त्याला ओटा आवडला होता. तो म्हणाला, दार पूर्वेला काढता येईल. पूर्वेला शेजाऱ्यांची भिंत आहे, हे मी सांगितलं. मग भेगांचं सांगितलं.

"कुठे आहेत?" तो भिंती निरखायला लागला.

"आत्ता नाहीत. मार्चमध्ये येतील."

"म्हणजे ज्या भिंतीत भेगा नाहीत, तिच्यात भेगा आहेत, असं तुमचं म्हणणं आहे?"

"हो."

ते दोघं एकमेकांकडे पाहायला लागले. पिंटूभाऊ बाहेर जाऊन गाडीवर बसले. जाताना श्रावणीनं माझ्या खांद्यावर हात ठेवून विचारलं, "तुम्हाला हे घर खरंच विकायचं आहे ना?" मी हो म्हटलं.

धम्मदीप मिस्त्री गच्चीवरचं शेवटचं काम पाहायला आले होते. त्यांनी मला विचारलं, "ताई, बाबूजीनं इथंच काहून घेतला प्लॉट? समोरच्या लाइनीत दोन फुटावर मुरूम लागते. तिकडची घरं पाहा, एक रेघ नाही. इथं तं उन्हाळ्यात बुजवलं तं पावसाळ्यात फुगते, अन् पावसाळ्यात बुजवलं तं उन्हाळ्यात उलते."

मी त्यांना खरं ते सांगितलं. तुला ही गोष्ट माहीत नाही, कारण तेव्हा तू गावातच होतीस. मी पाचवीत होते, बाबांसोबत लेआउट पाहायला आले होते. दोन प्लॉट होते, रस्त्याच्या अलीकडे आणि पलीकडे, भाव एकच. पलीकडची जागा बाबांनी पायानं उकरली आणि तोंड वाकडं केलं. अलीकडे आले, खाली बसले, हातानं खोल माती काढली, मुठीत दाबली, नाकाला लावली. त्यांचा चेहरा किती खुलला होता! "काय जमीन हाय! इथं पऱ्हाटी कमरेले लागन."

लेआउटवाला हसायला लागला. "काका, इथं घर बांधाचं हाय. कापूस नाही लावाचा."

"जमीन ते जमीन," बाबा म्हणाले. "थे पलीकडची तं बरड हाय. बरड जमिनीवर माह्या पोरी ठेवू काय?"

तोवर घरात कोणी सातवीच्या पुढे शिकलेलं नव्हतं, शहरात कोणी घर बांधलेलं नव्हतं. त्यांना मातीतलं जेवढं कळत होतं तेवढं त्यांनी आपल्यासाठी वापरलं. पुढे दोन खोल्या झाल्या, माझी इथली शाळा सुरू झाली, आणि माझा सैपाक करायला म्हणून तुला गावातून आणलं. तुझी आठवी झाली होती. नववीचं नाव कोणी काढलं नाही. मीही नाही.

पहिल्याच एप्रिलमध्ये मागच्या खोलीची भिंत उलली. तू गावाहून आणलेला कापूस त्या भेगेत ठासून भरलास, विंचू निघू नये म्हणून. तरी मी त्या बाजूला झोपत नव्हते, मग भिंतीकडून तू झोपायचीस. आज ती भिंत पांढरीशुभ्र आहे. मी हात फिरवून पाहिला. भेग कुठे होती, तेही सांगता येत नाही.

परतवाड्याला मला सकाळी कोणी उठवत नाही. गजर लावते, पण त्याच्या आधीच जाग येते आणि मी तशीच पडून राहते. तू डोक्यात टपली मारायचीस. "ऊठ ओ मास्तरीन! परीक्षा माही हाय का तुही?" आता मी खरोखर मास्तरीण झाले आहे. सहावीच्या पोरींना भूगोल शिकवते. या वर्षी काळी मृदा शिकवताना मध्येच थांबले होते.

येशील का, ते कळव.

दामिनी


अमरावती,
१२ ऑक्टोबर २०२५

ताई,

घराला गिऱ्हाईक आलं. म्हणजे आलं होतं. क्रमानं लिहिते.

कमलाकांत वकील म्हणून आहेत. वकिली सोडून त्यांना चार वर्षं झाली. त्यांची बायको कुंदाकाकू. त्यांची मुलगी आपल्याच मागच्या गल्लीत दिली आहे. काकूंचे गुडघे गेलेत, तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटचा जिना होत नाही. म्हणून मुलीजवळ, खालचं, जिना नसलेलं घर हवं आहे.

काकूंनी दिशा पाहिली नाही. नळ सोडून पाण्याची धार पाहिली, ओट्याशी उभ्या राहिल्या, खिडकीतून बाहेर पाहिलं आणि म्हणाल्या, "इथे सैपाक करणारीला बरं वाटेल." मग मी आणलेल्या खुर्चीवर बसल्या. "हं. पिंटूनं सांगितलं, तू दोष सांगतेस म्हणून. सगळे एकदाच सांग, मला पुन्हा पुन्हा ऐकायला आवडत नाही."

मी सांगितले. दार, रस्ता, भेगा.

वकीलसाहेब म्हणाले, "चाळीस वर्षं कोर्टात काढली. समोरच्या पक्षानं न विचारता कबुली दिलेली आज पहिल्यांदा पाहिली."

"दक्षिणेच्या दाराचं काय," काकू म्हणाल्या, "आमचं लग्न सगळं मुहूर्त पाहून लागलं होतं, तरी हे मिळाले. आणि भेगा माझ्या टाचांना पण आहेत. पाय टाकून दिले का मी?" दोघं हसले. पिंटूभाऊ सगळ्यांत मोठ्यानं हसले. काकूंनी वकीलसाहेबांकडे पाहिलं, त्यांनी मान हलवली. झालं. तेवढ्यावर घर विकलं गेलं असतं. पिंटूभाऊंनी मला डोळ्यानं खूण केली, की आता गप्प बसा.

मग मी मागच्या खोलीच्या ओलीबद्दल सांगितलं. उत्तरेच्या भिंतीतून पाणी झिरपतं, थंडीतसुद्धा भिंत ओली असते, अंथरूण कुबट होतं, असं म्हणाले.

काकूंचा हात आपोआप गुडघ्यावर गेला. वकीलसाहेब भिंतीपाशी जाऊन हात लावून आले. "आत्ता तर कोरडी आहे," म्हणाले. मी म्हटलं, "रंग नवा आहे ना." काकू उठल्या. विचार करून कळवतो म्हणाल्या, आणि मुलीच्या घराकडे सावकाश चालत गेल्या. पिंटूभाऊ गाडीला किक मारून निघून गेले.

मागच्या खोलीत भिंतीकडून तू चार वर्षं झोपलीस. त्यामुळे वरच्या ओळी वाचून तुला काय वाटेल, ते मला कळतं आहे. आज याहून जास्त लिहवत नाही.

दामिनी


परतवाडा,
१७ ऑक्टोबर २०२५

ताई,

आज वसुबारस. उद्यापासून शाळेला सुट्टी आहे. पोरी घरी गेल्या, मी रिकाम्या वर्गात बसून लिहिते आहे. पाच दिवस हे पत्र मनात लिहीत होते.

मागच्या खोलीत ओल नाही. कधीच नव्हती. मी खोटं बोलले.

का बोलले, ते रविवारीच एसटीत कळलं होतं, पण कबूल करायला पाच दिवस लागले. घर विकलं जाणार, हे नक्की झालं तेव्हा मला आनंद व्हायला हवा होता. मला भीती वाटली. घर विकलं की तुझी सही झाली. सही झाली की तुला पत्र टाकायला माझ्याकडे काही कारण उरलं नाही. शुभंकर-श्रावणीला भेगा सांगताना मी स्वतःला प्रामाणिक समजत होते. भेगा खऱ्या होत्या, हे ठीकच. पण ते लोक निघून गेले तेव्हा मला हायसं वाटलं होतं, हे मी तुला लिहिलं नाही. कुंदाकाकू खऱ्या दोषांनी गेल्या नाहीत, तेव्हा मी खोटा दोष काढला.

हे मी आयुष्यात दुसऱ्यांदा केलं आहे. पहिल्यांदा काय झालं, ते आता सांगते. इथपर्यंत वाचलं असशील तर पुढचंही वाच.

अचलपूरचे पाहुणे तुला पाहायला आले, तो जानेवारीतला रविवार. मी दहावीत होते. माय-बाबा बाहेरच्या खोलीत पाहुण्यांपाशी, तू मागच्या खोलीत साडी नेसत होतीस, आणि मी ओट्याशी कपबशा पुसत होते. मुलाची आई पाणी प्यायला म्हणून आत आली. बाई साधी होती. तिनं हळूच विचारलं, "बाई, तुह्या बहिनीले काई दुखनं-बिखनं तं नाई ना?"

मी म्हटलं, "लहानपणी दोनदा फिट आली होती." हे खरं होतं. नऊ वर्षांची असताना आणि अकरा वर्षांची असताना. औषध चौदाव्या वर्षीच डॉक्टरांनी बंद केलं होतं.

घरात आजवर सगळ्यांना एवढंच माहीत आहे. तुलाही. दामिनीनं खरं ते सांगून टाकलं, आणि सोयरीक मोडली.

पण सोयरीक एवढ्यानं मोडली नव्हती, ताई. ती बाई पाणी प्यायली, तोंड पुसलं आणि म्हणाली, "लहानपनचं काय धरून बसाचं बाई, निंघून जाते ते. माह्या भावाले पन होती." ती बाहेर जायला वळली होती. तुझं लग्न जमलं होतं. ते लोक होळीच्या आधी उरकायचं म्हणत होते, हे मी आधीच ऐकलं होतं. मार्चमध्ये माझी परीक्षा. तू जाणार, आणि मी त्या उललेल्या भिंतीच्या घरात एकटी राहणार, एवढंच माझ्या डोक्यात होतं. मी तिच्या मागून म्हटलं, "अजून पन येते. मागच्याच महिन्यात आली होती."

ती थांबली. माझ्याकडे तिनं पाहिलं. मी पंधरा वर्षांची, दोन वेण्या, हातात कपबशी. मी खोटं बोलेन असं तिला का वाटावं?

त्या दिवशी संध्याकाळी तू विचारलंस, "तू सांगतलं?" मी म्हटलं, "खरं ते सांगितलं." बाबा म्हणाले, "पोरगी खरं बोलली. तिले कोनी काई म्हनू नका." तेव्हापासून या घरात मी खरं बोलणारी आहे. शाळेतही. पिंटूभाऊंपाशीही.

मंगळवारी तू पिशवी भरून गावाला निघून गेलीस. तू जाऊ नयेस म्हणून बोलले, आणि तू दोनच दिवसांत गेलीस. मी भात लावायला शिकले, आणि परीक्षा दिली. पुढची पाच वर्षं आजाराचं ऐकून कोणी तुला पाहायला आलं नाही. मग भाऊजींचं स्थळ आलं. त्यांची पहिली बायको गेलेली. लग्नात मी तुला हळद लावायला हात पुढे केला तेव्हा तू माझा हात धरून बाजूला केलास. सगळ्यांना वाटलं, ताईनं खऱ्याचा राग धरला आहे. तुला लहान मनाची म्हणाले, माझ्यासमोर. मी ऐकून घेतलं.

भाऊजी चांगले आहेत असं माय सांगते. ते खरं असो. पण त्यामुळे मी केलेलं कमी होत नाही.

हे मायला, बाबांना मी या सुट्टीत सांगणार आहे. तुला आधी सांगायचं होतं.

दामिनी


अमरावती,
२ नोव्हेंबर २०२५

ताई,

माय-बाबांना भाऊबीजेच्या दिवशी सांगितलं. माय रडली. बाबा बैलांना पाणी दाखवायला उठले. जाताना एवढंच म्हणाले, "रागिणीले कळवलं?" मी हो म्हटलं. अजून ते माझ्याशी नीट बोलत नाहीत. ते बरोबरच आहे. कार्तिकी पौर्णिमेच्या सुमाराला मायला कौंडण्यपूरच्या जत्रेला न्यायचं कबूल केलं होतं, तर ती म्हणाली, "या साली राहू दे."

मागच्या रविवारी कुंदाकाकूंच्या घरी जाऊन आले. तिसरा मजला. दार वकीलसाहेबांनी उघडलं. मी उभ्यानंच सांगितलं, की मागच्या खोलीत ओल नाही, मी खोटं बोलले, मिस्त्रींना विचारून खात्री करून घ्या.

काकूंनी चष्मा काढला. "स्वतःचं घर विकताना उलटं खोटं? असं कोण करतं?"

मी तुझं सांगितलं. सगळं नाही, लागेल तेवढं. काकूंनी चष्मा पुसून पुन्हा लावला. संपल्यावर म्हणाल्या, "बहिणीला हे लिहिलंस?"

"लिहिलं."

"काय म्हणाली?"

"अजून काही नाही."

"नाहीच म्हणणार लगेच. बस. चहा घे, आणि मग घराचं बोलू." त्यांनी घर पुन्हा धम्मदीप मिस्त्रींसोबत जाऊन पाहिलं. मिस्त्रींनी भेगा कुठून कुठे जातात, ते बोटानं काढून दाखवलं. घर घ्यायचं त्यांनी पक्कं केलं आहे. पिंटूभाऊ म्हणाले, "ताई, तुमचं कोनतं खरं अन् कोनतं खोटं, आता मलेच समजून नाही राहिलं." पण पेढे त्यांनीच आणले.

खरेदीखत सोमवारी, २४ नोव्हेंबरला आहे. आता महत्त्वाचं. मी पहिल्या पत्रात लिहिलं होतं, की तुला यावंच लागेल. तसं नाही. वकीलसाहेबांना विचारलं. तू अकोल्याच्या नोंदणी कार्यालयात मुखत्यारपत्र करून दिलंस तर तुझ्या वतीनं दुसरं कोणी सही करू शकतं. माझं नाव नको असेल, म्हणून मसुद्यात बाबांचं घातलं आहे. ते अंगठ्याबरोबर सहीही करतात, चालतं. तुझा वाटा थेट तुझ्या खात्यात येईल. कागद सोबत जोडला आहे. म्हणजे तुला अमरावतीला यायची, मला पाहायची गरज नाही. हे मला सप्टेंबरमध्येच विचारून घेता आलं असतं. विचारलं नाही.

तू यावंस असं मला वाटतं. ते लपवत नाही. रविवारी ओट्याशी उभी राहते तेव्हा मागच्या खोलीतून तू आवाज देशील असं वाटतं, आणि मी घाबरून नळ बंद करते, ऐकू यावं म्हणून. पण माझ्या वाटण्यासाठी तुला धरून ठेवायला मी याआधी दोनदा खोटं बोलले आहे. आता नाही. कागद पाठवलास तरी चालेल, आणि त्यासोबत चिठ्ठी नसली तरी चालेल.

यापुढे तुला पत्र टाकणार नाही. तू लिहिलंस तरच.

दामिनी


अकोला,
९ नोव्हेंबर

दामिनी,

पाचही पत्रं भेटली. पहिल्या पाकिटावर बाबाचं नाव घातलं होतं. बाबाले सहीच्या पुढं एक अक्षर लिहिता येत नाही, हे तू इसरली काय? भाऊजी तुहे म्हने, उघड, बाबाचं हाय. मी म्हटलं, बाबाचं नाही, मास्तरनीचं हाय. अन् मंग उघडलं.

चौथं पत्र मी दोनदा वाचलं. एकदा सकाळी पोया लाटाच्या आधी, एकदा पोरं जेवून गेल्यावर. त्या दिवशी भाजीत मीठ जास्त पडलं. वीस पोरं जेवली, कोनी बोललं नाही. माह्या तोंडाकडं पाहून नसन बोललं.

तुले एक सांगतो. बारा वर्सं मी समजत होती का, बहीन खरं बोलली अन् मी तिच्यावर राग धरून बसली, म्हंजे मीच वाईट. माय पन तसंच म्हने. देवापुढं बसली तरी तेच मनात ये. राग जाये नाही, अन् राग येते म्हनून सोताचीच लाज वाटे. आता समजलं का माहा राग बरोबर होता. तुह्या पत्रानं मले एवढं भेटलं. तुले काय भेटलं ते तू पाह्य.

माफ केलं असं समजू नको. अजून काई केलं नाही. तुह्यावर मले लय बोलाचं हाय अन् ते मी चांगलं बोलीन.

माहं घरचं चांगलं हाय. भगवंत मानूस म्हनून चांगला हाय, हे कोनाच्या सांगन्यावरून समजू नको, येऊन पाह्य कधी. मले त्या अकराव्या वर्सापासून फिट-बिट काही नाही. हे तू इचारलं नाही, पन तुले इचाराचं असन.

मुखत्यारपत्राचा कागद वापस पाठवून राहिली. माह्या घरावर माही सही मीच करीन. चोवीसले सकाळच्या गाडीनं येतो. पोरायले त्या दिवशी भाऊजी खिचडी घालतीन. बसस्टँडवर येऊ नको, मले रस्ता मालूम हाय. सही झाल्यावर त्या कुंदाबाईले इचार, घंटाभर घरात बसू देते काय. ते मोठी केलेली खिडकी पाह्याची हाय.

एक राहून गेलं. त्या साली तुह्या दहावीचा निकाल लागला तवा मी गावात होती. माय सांगाले लागली तं मी बादली घेऊन बाहेर निंघून गेली. नंतर कधी कोनाले इचारलंच नाही. किती मार्क पडले होते तुले?

पत्रात लिहू नको. मी आली का तोंडानं सांग.

रागिणी